दहा वाजताचं पाणी

आमच्या घरात पाण्याच्या दोनच जाती आहेत, खारं आणि निकामी. पेडण्यातल्या आगरवाड्यात आमची मिठागरं. माझा बाबा, सगुण, पंचावन्न वर्षांचा आहे आणि त्यातली चाळीस वर्षं तो चिखलात उभा आहे. जानेवारी ते मे तो खाडीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, आत घेतो, उन्हात आटवतो आणि मीठ ओढतो. आई, चंद्रावती, ते रस्त्याच्या कडेला बसून विकते. आणि मी, सेजल, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ह्याच पाण्यातलं मीठ काढून टाकायला निघाले होते. घरात ह्याची थट्टा होणार नाही तर काय होणार?

"आमी पाण्यातला मीठ ईकून जेवतंव," बाबा माझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्यांना सांगायचा, "आणि ह्या चेडू मीठ फेकूक शिकता."

मी त्याला मेम्ब्रेन समजावून दिलं होतं. कागदाहून पातळ पापुद्रा, त्यावर पंपाने दाब द्यायचा, पाणी पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे राहतं. एप्रिल लागला की आमच्या वाड्यावरच्या विहिरी मचूळ होतात आणि बायका टँकरची वाट बघत कळशा घेऊन बसतात, समोर एवढी मोठी खाडी वाहत असताना. ह्याच खाडीवर छोटं यंत्र बसवता येईल का, हा माझा प्रश्न होता. बाबाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अलीकडचा मीठ मगे कोण घेतलो?"

दूरच्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेत मेम्ब्रेनवर पीएचडी करायच्या चार जागा निघाल्या होत्या. अर्जासोबत आपल्या भागातल्या पाण्याचे, स्वतः मोजलेले आकडे जोडून एक प्रस्ताव द्यायचा होता. दोनशेच्या वर अर्ज गेले, बाराजणांना मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि त्या बारांत मी होते. बोलावण्याच्या पत्रात माझ्या प्रस्तावाबद्दल एक ओळ होती: खाडीच्या पाण्याच्या खारटपणातलं सातत्य लक्षवेधी आहे. ही ओळ मी आईला वाचून दाखवली, मैत्रिणीला, गौरवीला, पाठवली, आणि आंघोळ करताना स्वतःलाच मोठ्याने म्हणून दाखवली. बढाई मारायला जागा मिळाली की मी सोडत नाही.

सातत्य म्हणजे काय, तर साठ दिवसांच्या साठ बाटल्या आणि प्रत्येकीत लिटरमागे तेहतीस ते पस्तीस ग्रॅम क्षार. पाणी रोज इतकं सारखं असेल तर पंपाचा दाब एकदा ठरवला की झालं, यंत्र स्वस्तात होईल. माझा सगळा प्रस्ताव ह्या एका गोष्टीवर उभा होता. मी म्हापशाला एका क्लासमध्ये शिकवते, सकाळी सातलाच घर सोडते. त्यामुळे बाटल्या भरायचं काम बाबाकडे दिलं होतं. रोज सकाळी दहा वाजता, मानशीकडे, एक बाटली. तो तारीख घालून बाटल्या पडवीत ओळीने ठेवायचा आणि शनिवारी मी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन मोजायचे. गौरवी तिथे नोकरीला आहे म्हणून हे जमलं.

मुलाखत सोमवारी साडेअकराला, घरूनच, लॅपटॉपवर. आणि शुक्रवारी दुपारच्या आत तुयेच्या एका औषध कंपनीला होय-नाही कळवायचं होतं. तिथल्या तपासणी विभागात माझी निवड झाली होती. आईच्या मते त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. "सकाळी जावचा, सांजे घरात येवचा. पीएचडी करून काय वेगळा पाणी पितलंस?" ती म्हणायची.

शनिवारी माझ्या पायाला भिंगरी लागली होती. लॅपटॉप उघडायचा, मिटायचा. जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, जायचं, परत यायचं. आई म्हणाली, "बस गो एका जागेर, माका गरगराक लागला." शेवटी गौरवीकडून उसना आणलेला खारटपणा मोजायचा हातातला मीटर उचलला आणि मानशीवर गेले. मुलाखतीत दाखवायला एक फोटो हवा होता, मानशीच्या पाण्यात मीटर आणि पडद्यावर चौतीसचा आकडा. संध्याकाळचे पाच वाजले होते. पाणी उतरलेलं, बांधाच्या पोटातला चिखल उघडा पडलेला. मी मीटर बुडवला. एकोणीस.

मी तो पुसला, परत बुडवला. एकोणीसच. गौरवीने बिघडलेला मीटर दिला म्हणून तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग पडवीतली शेवटची बाटली आणून तिच्यात बुडवला, तर चौतीस. म्हणजे मीटर ठणठणीत होता.

बाबा मिठागराच्या पलीकडच्या कप्प्यात मीठ ओढत होता. मी हाक मारली. तो आला, ओंजळीत पाणी घेतलं, जीभ लावली आणि थुंकला.

"ह्या सपक आसा," तो म्हणाला. "सुकतीचा पाणी. ह्या मी तुका दिलंय नाय."

"दिलंय नाय म्हणजे?"

"दहाक कधी भरती आसता, कधी सुकती. सुकती आसली की मी रवतंय. भरती चढली की चाखून भरतंय." तो हे इतक्या सहज म्हणाला, जणू मी त्याला जेवलास का विचारलं होतं. "वायट पाणी तुका कशाक देव?"

मी तिथेच बांधावर बसले. आता कुणीही विचारेल की, बाई, तू मिठागरात वाढलीस, भरती-ओहोटी तुला ठाऊक नव्हती? होती ना! रोज दहाला पाणी घेतलं तर पंधरवड्यात ते वर-खाली झालंच पाहिजे, हे दुसरीतल्या मुलालाही कळेल. आकडे सारखे आले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण ते मला आवडले. इतके छान आकडे एम.एस्सी.च्या पूर्ण वर्गात कधी कुणाचे आले नव्हते.

हे शहाणपण नंतरचं. त्या वेळी मी बाबावर तुटून पडले. दहा म्हणजे दहा, एवढं साधं कळत नाही का, साठ दिवस मातीत घातलेस, माझी वाट लावलीस. तो ऐकत उभा होता. हाताला मीठ लागलेलं, ते तो पंचाला पुसत होता. आई घरातून ओरडली, "भांडतास कित्याक? शेजारी ऐकतत." आणि मग मी म्हटलं, "तुला मिठापलीकडे काही कळतं का रे?"

त्याने पंचा खांद्यावर टाकला आणि परत कप्प्यात उतरला. फावडं उचललं. पण मीठ न ओढता तो नुसता उभा राहिला, हे मी बघितलं आणि घरी आले.

गौरवीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गप रव गो. आकडे खोटे नाय मगे, तू बाटलीत होता ताच मोजलंस. आगरवाड्यात तपासूक कोण येतलो?"

ती खोटं बोलत नव्हती. कुणीही आलं नसतं. साठ बाटल्या होत्या, साठ तारखा होत्या, मीटर खरा होता. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं, आणि तेवढं काम तर आयुष्यात सगळ्यांनाच जमतं. चारातली एक जागा माझी होती. ती मला किती हवी होती हे सांगायला लाज वाटते. त्या संस्थेच्या प्रयोगशाळेचे फोटो मी इतक्या वेळा बघितले होते की कुठल्या खिडकीजवळ कुठलं यंत्र आहे ते मला पाठ होतं. पण पुढचा विचार डोक्यातून जात नव्हता. समजा, माझ्या आकड्यांवर खरंच इथे यंत्र बसलं. ओहोटीला सपक पाणी, भरतीला खारं, आणि पंपाचा दाब एकच. ओहोटीचं सपक, गढूळ पाणी त्या जास्तीच्या दाबाने घुसेल, पापुद्रा गाळाने चोंदेल, मग ते यंत्र थेंब थेंब गाळत राहील आणि वाड्यावरच्या बायका कळशा घेऊन तशाच बसतील, फक्त टँकरऐवजी सगुणच्या पोरीच्या नावाने बोटं मोडत.

रविवारी सकाळी सहाला मी मीटर, बाटल्या आणि बालदी घेऊन मानशीवर गेले. दर तासाला एक बाटली. सहाला एकोणीस, सातला एकवीस. मधल्या वेळात मला बसवेना. बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते आणि मुलाखतीत बोलायची वाक्यं बनवून मोडत होते. दहाला एकतीस. ऊन डोक्यावर आलं, चपलांतून तळवे भाजायला लागले. बाबा कप्प्यात होता, माझ्याकडे पाठ करून.

बाराला, भरती पूर्ण चढल्यावर, तो बांधावर आला. एका हातात पेजेचा डबा, दुसऱ्या हातात आईची छत्री. डबा माझ्या बाजूला ठेवला, छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली आणि खाडीकडे बघत राहिला. मी मीटर बुडवला.

"चौतीस आसतला," तो हळूच म्हणाला.

चौतीसच होता. मी पेज प्यायले. सॉरी म्हणायचं होतं, पण आमच्या घरात हा शब्द कुणी कुणाला म्हटलेला नाही, तो कसा सुरू करायचा हेच कळेना. तो दोनपर्यंत छत्री धरून उभा राहिला. मग मीठ गोळा करायला गेला. सहाला परत वीस. माझ्याकडे एका दिवसाच्या तेरा खऱ्या बाटल्या झाल्या.

सोमवारी जनेलाजवळच्या मेजावर लॅपटॉप मांडला, कारण घरात तेवढ्याच जागी रेंज येते. आईने बाबाला बजावलं की दोन तास कप्प्यातच राहा. तो दाराच्या पलीकडे पडवीत बसला आहे, हे मला त्याच्या बिडीच्या वासावरून कळलं.

पडद्यावर तिघे होते. मधल्या बाई क्षमा मॅडम, केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. पापुद्र्यावर क्षार का साचतात, तो धुवायचा कसा, दाब वाढवला तर काय होतं, सगळं फाडफाड सांगितलं. मग उजवीकडचे सर म्हणाले, "आता तुमच्या साठ आकड्यांकडे येऊ. फारच सुंदर आहेत."

"ते चुकीचे आहेत, सर," मी म्हटलं.

इंग्रजीत म्हटलं, तरी पडवीतली बिडी विझल्याचं मला कळलं. मी सगळं सांगितलं. दहाची वेळ, भरतीची वाट बघणं, चाखून भरलेलं पाणी. कालच्या तेरा बाटल्यांचा तक्ता दाखवला, एकोणीसवरून चौतीस आणि परत वीस.

"पाणी भरलं कुणी?" सरांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी. पण चूक माझी आहे. दहाच का, ते मी त्यांना समजावून सांगितलं नाही. आणि आकडे इतके सारखे दिसल्यावर शंका घेणं हे माझं काम होतं. मी घेतली नाही, कारण ते आकडे मला आवडले."

सर खुर्चीत मागे टेकले. क्षमा मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि एकदम मराठीत विचारलं, "त्यांनी मोजलं कशाने?"

"जिभेने."

"साठ दिवस, एका ग्रॅमच्या आत, जिभेने?" त्या पडद्याजवळ वाकल्या. "आहेत का ते तिथे?"

बाबाला बोलवावं लागलंच नाही. तो दारात आला, सदऱ्याची वरची गुंडी लावत, आणि पडद्याला नमस्कार करून मेजापासून चार हात लांब उभा राहिला. मॅडमनी विचारलं, ओहोटीचं पाणी का नाही दिलंत?

"मॅडम," बाबा म्हणाला, "चेडवाक परगावाक धाडताना फाटकी साडी कोण देता?"

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, तुमच्यासारखी जीभ आमच्या प्रयोगशाळेत कुणाकडे नाही. पण यंत्राला फाटकी साडीही दाखवावी लागते, नाहीतर ते नव्या साडीपुरतंच चालतं. बाबाने मान हलवली. मग सर इंग्रजीत मला म्हणाले की आज सकाळपर्यंत आमच्या यादीत तुमचं नाव पहिलं होतं, आणि तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. ते चांगल्या मनाने बोलले असावेत. मॅडमनी कागद सारखे केले.

लॅपटॉप मिटल्यावर बाबाने विचारलं, "तो शेवटाक काय म्हणालो?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण सकाळपासून खरं बोलायची सवय लागली होती. मी सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि फावडं घेऊन गेला. जेवायला आला नाही.

मंगळवार, बुधवार कसे गेले ते विचारू नका. दर पाच मिनिटांनी मेल उघडायचे. क्लासात एकच गणित दोनदा शिकवलं. गुरुवारी संध्याकाळी मेल आलं. चार नावांत माझं नाव नव्हतं. खाली क्षमा मॅडमच्या दोन ओळी होत्या. डिसेंबरच्या फेरीत परत अर्ज करावा. तोवरचे रोजचे, ठरलेल्या वेळेचे, एकही दिवस न गाळलेले आकडे सोबत असावेत. आधीच्या मुलाखतीचा कोणताही फायदा धरला जाणार नाही.

बाबा दारातच उभा होता. "जाला?"

"नाय."

मी रडले. रागाने रडले, सरळ सांगते. खरं बोलून पदरात काय पडलं म्हणून, आणि तेच परत करायची वेळ आली तरी मी दुसरं काही बोलले नसते, ह्याचाही राग म्हणून. आईने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुयेक हो म्हणान सांग." मी त्याच संध्याकाळी कंपनीला होकार कळवला. सोमवारी रुजू व्हायचं. सकाळी साडेसातची बस. डिसेंबरपर्यंत दहा वाजता मानशीवर कोण जाणार, हे मी बाबाला विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार होते?

शुक्रवारी सकाळी क्लासला मी सुट्टी टाकली होती. पावणेदहाच्या सुमाराला आई स्वयंपाकघरातून ओरडली, "घड्याळ खंय गेला? वणतीर नाय!" भिंतीवर खिळा तेवढा होता. मी पडवीत आले, बघितलं, आणि तशीच अनवाणी बांधाकडे चालत सुटले.

बाबा मानशीच्या खांबाशी उभा होता. खांबाच्या खिळ्याला आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ टांगलेलं. खाली खाडी पार सुकलेली, गढूळ पाण्यावर पानं आणि फेस. ओहोटीचं असलं पाणी आयुष्यात तो कधी भरायला वाकला नसेल. मी थोडी लांबच थांबले. मोठा काटा बारावर येईपर्यंत तो घड्याळाकडे बघत राहिला. मग दोराने बाटली सोडली, भरली, वर ओढली. सवयीने ती तोंडाकडे गेली. ओठांपर्यंत पोचली आणि तिथे थांबली.

त्याने ती खाली घेतली. झाकण घट्ट लावलं, पंचाने पुसली. कानावरचं पेन काढून तारीख घातली, आणि तारखेखाली, साठ बाटल्यांत एकदाही न लिहिलेली वेळ: दहा.

मग त्याला मी दिसले. त्याने बाटली पुढे केली, दुसरीकडे बघत, कुणाच्या हातात नासकं दूध द्यावं तशी.

"मी चाखूक नाय," तो म्हणाला.